ब्लॅकजॅकमधील ‘पैशांचे व्यवस्थापन’: थोडा हिशेब

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्याच्या सहलींवर जो लेख आला होता, त्यात मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांची माहिती देताना लेखकाने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळासाठी ‘पैशांच्या व्यवस्थापनाचे’ काही नियम एका चौकटीत दिले होते. डाव हरल्यावर पुढची पैज दुप्पट करावी, जिंकत असताना पैज चढवत न्यावी, सोबतच्या रकमेत वीस टक्के वाढ झाली की उठावे आणि एकूण पैशांचे तीन भाग करून तीन बैठकींत खेळावे, असे ते नियम होते. हे नियम पाळणारा माणूस ‘दीर्घकाळात फायद्यातच राहतो’, असे शेवटी ठामपणे म्हटले होते. मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. जुगार खेळावा की खेळू नये, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. ते सांगणारे घरोघरी आहेत. परंतु ते शेवटचे वाक्य हिशेबाने चुकीचे आहे आणि छापील चौकटीतील वाक्यावर लोक विश्वास ठेवतात, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

प्रथम खेळाविषयी. ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडू फक्त डीलरविरुद्ध, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याविरुद्ध, खेळतो. राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी दहा, एक्क्याचा सोयीप्रमाणे एक किंवा अकरा, असे गुण धरून एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचे असते आणि एकवीसच्या पुढे गेले की डाव बाद होतो. कॅसिनोचा सगळा फायदा एकाच गोष्टीत दडलेला आहे, ती म्हणजे खेळाडूला आधी खेळावे लागते. खेळाडू बाद झाला की त्याची पैज तत्काळ उचलली जाते. त्यानंतर डीलरही बाद झाला, तरी ती परत मिळत नाही. याची काही अंशी भरपाई म्हणून खेळाडूला सवलती असतात. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा गुणांचे पान आले तर दीडपट रक्कम मिळते, चांगल्या पानांवर पैज दुप्पट करता येते आणि जोडी आली तर ती फोडून दोन डाव करता येतात.

कोणत्या पानांवर काय करावे, याचे उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर महिनोन्‌महिने आकडेमोड करून १९५६ मध्ये ते एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आपले बारा आणि डीलरचे उघडे पान चार, पाच किंवा सहा असेल तर थांबावे. आपले सोळा आणि डीलरचे दहा असेल तर मन कितीही कचरले तरी पान घ्यावे. आठांची जोडी फोडावी, दहांची कधीही फोडू नये, अशा स्वरूपाचा हा तक्ता आज कोणालाही एका कागदावर मिळतो. तो तंतोतंत पाळला आणि टेबलाचे नियम चांगले असले, तर लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे खेळाडूचा सरासरी तोटा सुमारे पन्नास पैशांवर येतो. कॅसिनोतील इतर खेळांच्या मानाने हा टक्का फार कमी आहे, आणि ब्लॅकजॅकभोवती ‘पद्धती’ विकणाऱ्यांची गर्दी जमते तीही त्यामुळेच. मात्र हा तक्ता पान घेण्याविषयी आहे, पैजेविषयी नाही. आपल्या लेखात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

आता दुप्पट करण्याच्या नियमाकडे वळतो. समजा, टेबलावर किमान पैज ५०० रुपये आणि कमाल ५०,००० रुपये आहे. पहिला डाव हरला की १,०००, मग २,०००, ४,०००, ८,०००, १६,००० आणि ३२,०००, अशी पैज चढत जाते. यांपैकी कोणताही डाव जिंकला तरी आधीचे सर्व नुकसान भरून निव्वळ ५०० रुपये हाती येतात. सातही डाव हरले तर ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठवी पैज ६४,००० रुपयांची असल्यामुळे टेबल ती घेतच नाही. क्षणभर आपण उदार होऊ आणि प्रत्येक डावात हार-जीत समसमान आहे, असे मानू. मग सलग सात हारण्याची शक्यता १२८ मध्ये १ येते. एक डाव जिंकेपर्यंत किंवा सातही हरेपर्यंतच्या खेळाला एक फेरी म्हटले, तर १२८ फेऱ्यांपैकी सरासरी १२७ फेऱ्यांत प्रत्येकी ५०० रुपये मिळतील आणि एका फेरीत ६३,५०० रुपये जातील. आता १२७ ला ५०० ने गुणून पाहावे. उत्तर बरोबर ६३,५०० येते. हा योगायोग नव्हे. न्याय्य खेळात दुप्पट करण्याने एका पैशाचाही फायदा होत नाही. पुष्कळ लहान विजयांच्या मोबदल्यात एक मोठा पराभव विकत घेतला जातो, इतकेच.

आणि ब्लॅकजॅक समसमान नाही. बरोबरीत सुटलेले डाव वगळले, तर शंभरातील साधारण ५३ ते ५४ डाव खेळाडू हरतो. (तरीही एकूण तोटा अर्धा टक्काच कसा, असे कोणी विचारील, वर सांगितलेली दीडपट रक्कम आणि दुप्पट केलेल्या पैजा यांनी उरलेली दरी बरीचशी भरून निघते.) या हिशेबाने सलग सात हारण्याची शक्यता १२८ मध्ये नव्हे, तर सुमारे ७८ मध्ये १ होते. तीन तासांत दोनशेच्या आसपास डाव होतात असे धरले, तर अशी सात हारांची माळ त्या एका संध्याकाळी कुठेतरी येण्याची शक्यता न येण्याच्या शक्यतेपेक्षा बरीच अधिक आहे. ‘सात वेळा सलग कोण हरतो?’ असे म्हणणाऱ्याने एकदा बसून हे मोजावे.

माझ्या कोल्हापूरच्या भाच्याने ते मोजले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याने मला एक वही दाखवली. ५०० रुपयांपासून दुप्पट करत जायचे आणि ३,००० रुपये मिळाले की उठायचे, या शिस्तीने त्याने चौदा संध्याकाळी खेळून ४२,००० रुपये मिळवल्याची नोंद तीत होती, आणि ती खरी होती. “मामा, तुमचं संख्याशास्त्र पुस्तकात ठीक आहे, इथे शिस्त लागते,” असे तो मला म्हणाला. पंधराव्या संध्याकाळी त्याने प्रथम एक हजार रुपये जिंकले आणि पुढच्या वीस मिनिटांत सात डावांत ६३,५०० रुपये घालवले. एकूण हिशेब २०,५०० रुपयांच्या तोट्याचा झाला. प्रवेशशुल्क, राहणे आणि गाडीचे पेट्रोल वहीत धरलेलेच नव्हते. त्याची शिस्त कुठेही मोडली नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ‘हरलेला जुगारी दुप्पट खेळतो’ असे आपल्याकडे म्हणतात ते बेभान झालेल्या माणसाला उद्देशून. येथे तीच गोष्ट वहीत आखून, शांत डोक्याने केली होती आणि परिणाम तोच झाला.

या पद्धतीचा आणखी एक दोष त्याच्या बोलण्यातूनच माझ्या लक्षात आला. पैज १६,००० रुपयांवर पोहोचलेली असताना हातात अकरा आले, तर तक्त्याप्रमाणे ती दुप्पट करायला हवी. पण तेथे आणखी १६,००० रुपये पुढे सरकवण्याचे धैर्य त्याला होत नसे. म्हणजे ज्या सवलतींमुळे कॅसिनोचा टक्का खाली येतो, त्याच सवलती पैज फुगल्यामुळे वापरता येत नाहीत आणि तो टक्का पुन्हा वर चढतो.

हरल्यावर पैज एका एककाने वाढवायची आणि जिंकल्यावर एका एककाने कमी करायची, अशी एक सौम्य पद्धतही प्रचलित आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती दालांबेर यांच्या नावाने ती ओळखली जाते. नाणे दोनदा उडवले असता निदान एकदा छाप पडण्याची शक्यता तीन-चतुर्थांश असते. ती दोन-तृतीयांश आहे असे या थोर गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशातील आपल्या नोंदीत लिहून ठेवले होते. अशा माणसाचे नाव या पद्धतीला चिकटावे, याची मला गंमत वाटते. जिंकताना पैज चढवत नेण्याचा लेखातील दुसरा नियम याच्या उलट आहे. त्यात लहान पराभव पुष्कळ होतात आणि मोठा विजय क्वचित मिळतो. दोन्हींत बेरीज एकच राहते.

कारण बेरीज ठरते ती एका साध्या गुणाकाराने. दिवसभरात एकूण जितक्या रुपयांच्या पैजा लावल्या, त्या रकमेला कॅसिनोच्या टक्क्याने गुणले की सरासरी तोटा मिळतो. त्या पैजा कोणत्या क्रमाने लावल्या, हे गुणाकारात कुठेच येत नाही. ५०० रुपयांचे २०० डाव म्हणजे एक लाख रुपयांच्या पैजा, आणि त्यावर अर्ध्या टक्क्याने सरासरी तोटा ५०० रुपये. मात्र एका संध्याकाळचा नशिबाचा चढउतार, ज्याला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो, तो याच डावांसाठी सुमारे ८,००० रुपयांचा असतो. पाचशेची गळती आठ हजारांच्या लाटेखाली दिसतच नाही. म्हणून त्या संध्याकाळी जवळजवळ निम्मी माणसे जिंकून जहाजावरून उतरतात आणि प्रत्येकाला आपली पद्धत बरोबर वाटते. लाटा दोन्ही दिशांना जातात, गळती मात्र एकाच दिशेने होते. शंभर संध्याकाळींनंतर गळती शंभर पटीने वाढून ५०,००० रुपयांवर पोहोचलेली असते, तर लाट फक्त दहा पटीने वाढून ८०,००० रुपयांच्या आसपास जाते. ‘दीर्घकाळ’ या शब्दाचा अर्थ हा आहे, आणि तो आपल्या लेखातील अर्थाच्या नेमका उलट आहे.

वीस टक्के वाढ झाली की उठण्याच्या नियमाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आपण जेवायला उठलो, हे पत्त्यांना कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो की कालचाच खेळ पुढे चालू होतो. लवकर उठल्याने एकूण पैजा कमी झाल्या, तर तेवढा तोटा जरूर कमी होतो, पण मग जिंकत असताना उठा किंवा हरत असताना, फरक पडत नाही.

पैशांच्या व्यवस्थापनात तथ्य आहे ते एवढेच की सोबतच्या रकमेच्या मानाने पैज किती मोठी असावी, याला उत्तर आहे. १०,००० रुपये घेऊन ५०० रुपयांच्या पैजा लावणारा माणूस २०० डाव पुरे होण्याआधीच रिकामा होण्याची शक्यता माझ्या हिशेबाने साधारण पाचात एक आहे. तोच २०,००० रुपये घेऊन बसला, किंवा पैज २५० रुपयांवर आणली, तर ती शंभरात एक-दोनवर येते. ज्याला तीन तास बसण्याची हौस आहे, त्याला हा आकडा उपयोगी आहे. आमच्या आईच्या पिढीतील गृहिणी पगाराच्या दिवशी किराण्याचे, दुधाचे आणि शाळेच्या फीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत घालून ठेवत, तसाच हा प्रकार आहे: डब्यात ठेवल्याने पैसे वाढत नाहीत, पण एका डब्यातील खर्च दुसऱ्या डब्यापर्यंत पोहोचत नाही. लेखातील ‘तीन भाग करावेत’ या सूचनेचा एवढाच अर्थ असेल, तर माझी तक्रार नाही.

पैज बदलून खरोखर फायदा मिळवणारे लोक झाले आहेत, हे येथे सांगितले नाही तर अपुरे होईल. जॉन केली या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्येच असे दाखवले की, ज्याच्या बाजूने टक्का आहे त्याने आपल्या भांडवलाचा किती भाग लावावा, याचे एक सूत्र आहे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने सिद्ध केले की, ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पाने परत येत नसल्यामुळे, कॅटमध्ये दहा गुणांची पाने आणि एक्के अधिक उरले असतील तेव्हा टक्का क्षणभर खेळाडूकडे झुकतो. पाने मोजून नेमक्या त्या वेळी पैज वाढवायची, आणि किती वाढवायची ते केलीच्या सूत्राने ठरवायचे, ही त्याची पद्धत होती. १९६१ मध्ये नेवाडात दुसऱ्यांचे दहा हजार डॉलर भांडवल घेऊन त्याने थोड्याच दिवसांत सुमारे अकरा हजार डॉलर जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते सारे पुस्तकात लिहून टाकले.

परंतु हे सूत्र काय सांगते, ते नीट पाहावे. एका टक्क्याचा फायदा आपल्या बाजूला असेल, तर ब्लॅकजॅकमधील चढउतार लक्षात घेता भांडवलाच्या सुमारे पाऊण टक्का पैज लावावी. म्हणजे लाख रुपये बाळगणाऱ्याने साडेसातशे रुपये. टक्का विरुद्ध असेल, तर शून्य रुपये. आधीचा डाव हरला की जिंकला, याला त्या सूत्रात जागाच नाही. पैजेविषयीचे जे एकमेव गणित टिकले आहे, ते सामान्य खेळाडूला शून्याची पैज लावायला सांगते, ही गोष्ट चौकटीत छापण्याजोगी होती. पाने मोजण्याचे कसबही आता सोपे राहिलेले नाही. सहा किंवा आठ कॅट एकत्र वापरणे, संपण्याच्या बऱ्याच आधी ते पुन्हा पिसणे, सतत पिसत राहणारी यंत्रे बसवणे, असे उपाय कॅसिनोंनी केव्हाच योजले आहेत. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाने मोजतो म्हणून खेळाडूला कॅसिनो आपणहून बाहेर काढू शकत नाही, असा निर्णय दिला, तेव्हा तेथील कॅसिनोंनी अशाच उपायांचा आधार घेतला.

त्यापेक्षा टेबलावर लिहिलेले नियम वाचणे सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहे. पहिल्या दोन पानांत एकवीस आल्यावर दीडपट रक्कम देण्याऐवजी पाचास सहा या प्रमाणात देणारी टेबले जगभर वाढली आहेत. ५०० रुपयांच्या पैजेवर ७५० ऐवजी ६०० रुपये मिळतात. २०० डावांत असे एकवीस साधारण नऊ वेळा फळाला येते, म्हणजे संध्याकाळी १,३५० रुपये केवळ या एका ओळीने गेले. वर सांगितलेल्या ५०० रुपयांच्या सरासरी तोट्याशी याची तुलना करावी. डीलरचा एक्का दिसल्यावर जो ‘विमा’ देऊ केला जातो, म्हणजे डीलरचे झाकलेले पान दहा गुणांचे निघेल यावरची दुप्पट रक्कम देणारी वेगळी पैज, तोही असाच आहे. सहा कॅटमधील उरलेल्या ३११ पानांत दहा गुणांची ९६ पाने असतात. हा विमा परवडण्यासाठी ती निदान एक-तृतीयांश, म्हणजे १०४ असायला हवीत. आपली पाने चांगली असली की त्यांचे ‘संरक्षण’ करण्यासाठी विमा घ्यावा, असे डीलरसुद्धा सुचवतात, आणि शब्दच असा निवडला आहे की नोकरदार माणसाला ते जबाबदारपणाचे वाटते.

शेवटी कराचा प्रश्न येतो, आणि तो लेखात अजिबात आला नाही. चिप्स, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर कॅसिनोने स्वतः सोसला तर ठीक. खेळाडूकडून वेगळा घेतला, तर १०,००० रुपयांच्या चिप्ससाठी १४,००० रुपये मोजावे लागतात. वरचे ४,००० रुपये अर्ध्या टक्क्याच्या तोट्याने घालवायचे म्हटले, तर आठ लाखांच्या पैजा, म्हणजे ५०० रुपयांचे १,६०० डाव खेळावे लागतील. शिवाय जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के दराने, वर उपकरासह लागतो आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. अर्ध्या टक्क्याच्या खेळात दहा-वीस टक्क्यांच्या नफ्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी या आकड्यांसमोर बसून आपली पद्धत मांडून दाखवावी.

गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी घातली, तर महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला आणि कधीही अमलात न आणलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळही बंद केले. त्यामुळे आपल्या राज्यातील ज्याला हा खेळ उघडपणे खेळायचा आहे, तो पत्रादेवीचा नाका ओलांडून पणजीलाच जाणार, आणि जाण्यापूर्वी आपल्या पुरवणीतील चौकट वाचणार. आमच्या सावंतवाडीवरून शनिवारी रात्री जाणाऱ्या गाड्या मी पाहतो. त्यांतील बहुतेक माणसे नोकरी-धंदा करणारी, हिशेबी आणि एरवी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी असतात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, ‘दीर्घकाळात फायदा’ हे वाक्य आपण दुरुस्त करावे आणि चौकट पुन्हा छापायची झाल्यास तीत पान घेण्याचा तक्ता, टेबल दीडपट देते की पाचास सहा, चिप्सवरील कर कोण भरतो आणि संध्याकाळभरात एकूण किती रुपयांच्या पैजा होतात, एवढ्या गोष्टी द्याव्यात. आपल्याला हवे असल्यास हा तक्ता मराठीत तयार करून पाठवण्यास मी तयार आहे. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक (संख्याशास्त्र),
सावंतवाडी